गच्चीवरची अनुमोदना

माझं माहेर सौंसर आणि सासर पांढुर्णा. दोन्ही गावांत पोळा सारखाच. बैलांच्या शिंगांना रंग, गळ्यात घुंगरं, दारात पुरणाचा घास. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूर मारबत काढतं, लहान मुलं लाकडाचे बैल घेऊन तान्हा पोळा मागत फिरतात, आणि पांढुर्णा आणि सावरगाव जाम नदीच्या दोन काठांवर उभे राहून एकमेकांना गोटे मारतात. लग्नानंतर पहिल्या भाद्रपदात सासूबाईंनी मला गच्चीवर नेलं आणि म्हणाल्या, "बघ, हे तुमच्या सौंसरला नाही."

तो दिवस पर्युषणाच्या आठ दिवसांतला होता. दरवर्षीच असतो. आपलं पर्युषण श्रावण वद्यात सुरू होतं आणि भाद्रपद शुद्धात संवत्सरीला संपतं. पोळा अमावास्येचा आणि गोटमार पाडव्याची. म्हणजे उपाश्रयात महावीर जन्माचं वाचन त्याच दिवशी किंवा लगोलग दुसऱ्या दिवशी. सकाळी चौदा स्वप्नांचं वर्णन ऐकायचं, घरी येऊन पाणी उकळून ठेवायचं, भाजी बंद म्हणून मूग-मठाचं काहीतरी करायचं आणि दुपारी गच्चीवर जाऊन डोकी फुटताना बघायची. हे सगळं एकाच दिवसात बसतं, त्यात काही विचित्र आहे, हे मला कितीतरी वर्षं जाणवलंच नाही.

ज्यांनी गोटमार पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पहाटे नदीच्या पात्रात मधोमध पळसाचं झाड रोवतात. त्याला झेंडा बांधलेला असतो. पूजा होते. मग एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. पांढुर्ण्याच्या पोरांनी पुढे सरकत झाडापर्यंत जायचं, कुऱ्हाडीनं ते तोडायचं आणि झेंडा आणून चंडीमातेला वाहायचा. सावरगावच्यांनी त्यांना अडवायचं. अडवायचं ते दगडांनी. दिवसभर हे चालतं. काही वर्षी झेंडा तुटतो. काही वर्षी अंधार पडायला लागला तरी तुटत नाही, मग दोन्हीकडचे वडीलधारे बसून आपसात ठरवतात आणि झेंडा देवीला जातो. दुसऱ्या दिवशी दोन्ही गावांचे व्यवहार जसेच्या तसे. सोयरीक आहे, शेतीवाडीचा शेजार आहे, सावरगावची मुलगी पांढुर्ण्यात सून आहे. वैर म्हणून कोणी दगड मारत नाही. मला वाटतं, हीच त्यातली सर्वांत अवघड गोष्ट आहे. वैर असतं तर मिटवता आलं असतं.

कथा सगळ्यांना ठाऊक आहे. पांढुर्ण्याच्या मुलानं सावरगावची मुलगी पळवून आणली, दोघं नदीत असताना मुलीकडच्यांनी दगड मारायला सुरुवात केली, मुलाकडच्यांनी उलट मारले. कोणी सांगतं दोघं वाचले, कोणी सांगतं दोघंही नदीतच गेले. माझ्या सासूबाई दुसरी गोष्ट सांगायच्या. मी एकदा विचारलं, "मग आपण कोणाची आठवण काढतो, त्या पोरीची की तिला लागलेल्या दगडांची?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तू फार शिकलेली गं." विषय तिथंच संपला.

आता माझी गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं बोलण्याचा मला हक्क नाही.

आमच्या दुकानात एक मुलगा होता. सोळा-सतरा वर्षांचा. माप करायचा, पोती उचलायचा, आणि हिशोब असा तोंडपाठ की हे गिऱ्हाइकाला सांगायचे, "कागद नको, याला विचारा." त्या वर्षी तो नदीत उतरला. मी गच्चीवरून त्याला ओळखलं. निळा शर्ट होता. तो झाडाच्या अगदी जवळ पोचला तेव्हा आमच्या गच्चीवर सगळ्या बायका उभ्या राहिल्या आणि मी टाळ्या वाजवल्या. मोठ्यानं म्हटलं, "आपला आहे हो, आपल्या दुकानातला!" मग त्याला गोटा लागला. कानाच्या वर. तो बसला, मिनिटभर बसूनच राहिला, मग उठला. काठावर जाऊन पट्टी बांधून घेतली, देवीचा अंगारा लावला आणि पुन्हा पात्रात उतरला. मी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी तो दुकान बंद करायला मदतीला आला. हसत होता. मी हळद घालून दूध दिलं. म्हटलं, "शाबास रे. दुखतं का?" तो म्हणाला, "काही नाही होत काकू, चंडीमाता हाये." मग म्हणाला, "जरा डोकं जड झालं, झोपतो जाऊन." मी म्हटलं, "हो, झोप. झोपेनं बरं वाटेल."

हे शेवटचं वाक्य मी आजही प्रतिक्रमणाला बसले की आठवते.

रात्रभर त्याला उलट्या झाल्या. त्याच्या आईला वाटलं, दूध बाधलं. सकाळी तो उठेना. तेव्हा नागपूरला नेलं, डोक्याचं ऑपरेशन झालं. तो वाचला. गावानं म्हटलं, देवीनं राखलं. वर्तमानपत्रात त्या वर्षी जखमींचा आकडा आला, त्यात तो एक. मेलेल्यांत कोणी नव्हतं, म्हणून सगळ्यांनी म्हटलं, यंदाची गोटमार चांगली झाली.

तो काही महिन्यांनी दुकानात परत आला. पाच किलो आणि अडीच किलो मिळून किती, हे त्याला सांगता येईना. वास येत नव्हता. तूप जळत असलं तरी कळायचं नाही. आणि ज्याला कधी कोणी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं, तो गिऱ्हाइकाच्या अंगावर धावून जायला लागला. यांनी त्याला फार दिवस ठेवलं, मग नाही ठेवता आलं. आज तो चाळिशीकडे झुकला आहे. आईजवळ राहतो. रस्त्यात भेटला तर "काकू" म्हणतो, पण नंतर काय बोलायचं ते त्याला सापडत नाही.

डोक्याच्या माराबद्दल मी नंतर वाचलं, विचारलं. त्या वेळी मला काहीच माहीत नव्हतं. माहीत असायला हवं होतं, कारण ते फार सोपं आहे. डोक्याच्या हाडाच्या आत मेंदू मऊसर असतो, पाण्यात तरंगल्यासारखा. बाहेर जखम छोटी असली तरी आत तो हाडावर आपटतो. कानाच्या वर, कानशिलाजवळ हाड पातळ असतं आणि त्याच्या आतून रक्तवाहिनी जाते. ती फुटली तर रक्त हळूहळू साठतं. म्हणून माणूस आधी उठून बसतो, बोलतो, हसतो, घरी जातो. काही तासांनी डोकं वाढत्या जोरानं दुखतं, उलट्या होतात, झोप अनावर येते. ती झोप नसते. या मधल्या काळात जो बरा दिसतो त्यालाच लोक शूर म्हणतात.

क्रिकेट बघणाऱ्यांना रमण लांबा आठवत असेल. भारताकडून खेळलेला, दिल्लीचा. १९९८ च्या फेब्रुवारीत ढाक्यात एका सामन्यात तो फलंदाजाच्या अगदी जवळ उभा राहिला. हेल्मेट घाल म्हटलं तर षटकाचे तीनच चेंडू उरलेत म्हणून त्यानं घातलं नाही. चेंडू डोक्याला लागला. तो स्वतःच्या पायांनी चालत मैदानाबाहेर गेला. नंतर कोसळला आणि तीन दिवसांनी गेला. अडतीस वर्षांचा होता. चालत गेला, ही गोष्ट लक्षात ठेवा. आपल्याकडे चालत आला की मार किरकोळ, असं मानायची पद्धत आहे.

म्हणून प्रत्येक घरात माहीत असावं असं इथं लिहून ठेवते. डोक्याला मार लागलेल्या मुलाला पुन्हा पुन्हा उलटी झाली, डोकेदुखी वाढत गेली, तो गुंगीत जाऊ लागला, बोलणं अडखळलं, कुठं आहोत ते कळेना, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसली, झटका आला, किंवा कानानाकातून रक्त अथवा पाण्यासारखं काही आलं, तर सकाळची वाट बघायची नाही. त्याच वेळी, रात्र असली तरी, न्यायचं. मार लागल्यावर थोडा वेळ जरी शुद्ध हरपली, गोंधळ उडाला किंवा त्या वेळचं आठवेनासं झालं, तरी डॉक्टरला दाखवायचंच. पहिली रात्र त्याला एकटं झोपवायचं नाही. आणि त्या दिवशी त्याला परत खेळात जाऊ द्यायचं नाही, तो कितीही म्हणाला तरी. कारण पहिल्या मारानं हललेल्या मेंदूला दुसरा मार सोसत नाही, तो दुसरा मार छोटा असला तरी. आमच्या नदीत मात्र पट्टी बांधून पुन्हा उतरणं हीच मर्दानगी.

आता मूळ प्रश्नाकडे येते. मी त्याला दगड मारला नाही. मारायला सांगितलं नाही. मग माझ्याकडे दोष कुठून येतो?

आपल्या पाठशाळेत लहानपणी दहा प्राण पाठ करून घेतात. पाच इंद्रियं म्हणजे पाच प्राण. मनोबल, वचनबल, कायबल हे तीन. श्वासोच्छ्वास एक आणि आयुष्य एक. मी ते बोटांवर मोजून म्हणायचे आणि बक्षिसाची पेन्सिल घ्यायचे. त्याचा अर्थ मला त्या मुलाकडे बघून कळला. त्याचं आयुष्य राहिलं. श्वास राहिला. पण घ्राणेंद्रिय गेलं, मनोबल गेलं, वचनबल अर्धं गेलं. वर्तमानपत्रं १९५५ पासूनच्या गोटमारीतल्या मृत्यूंचा हिशोब देतात, तो डझनाच्या वर जातो. ती एकाच प्राणाची मोजदाद आहे, आयुष्याची. उरलेल्या नऊ प्राणांची मोजदाद कोण करतं? दरवर्षी शेकडो जखमी होतात. त्यांतले कितीजण हिशोब विसरले, कितीजण बायकोवर हात टाकायला लागले, कितीजणांना शाळेतला धडा लक्षात राहीना, हे कुठंच लिहिलेलं नाही. आपल्या धर्मात मात्र एका इंद्रियाला इजा झाली तरी ती प्राणहानीच. निदान आपण तरी असं म्हणायला नको, की कोणी मेलं नाही ना, मग झालं.

उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना फक्त जीव जाण्यावर बोट ठेवलेलं नाही. प्रमादातून, म्हणजे बेसावधपणातून आणि मनाच्या विकारातून, होणाऱ्या व्यवहारानं जीवाला इजा होणं म्हणजे हिंसा, असा त्याचा आशय आहे. साधू जपून पाऊल टाकत असताना चुकून एखादा जीव पायाखाली आला, तर त्याच्या मनात प्रमाद नाही. आणि कोणी बेफिकीर चालत असेल तर पायाखाली काही आलं नाही तरी तो दोषी आहे, कारण सावध राहायचं त्यानं केव्हाच सोडलं. म्हणून आपल्या घरात सगळी शिकवण जयणेची. पाणी गाळा, गाळलेल्या जीवांना परत पाण्यात सोडा, धान्य निवडा, चूल पुंजून मग पेटवा, दिव्यावर झाकण ठेवा, भांडं उघडं टाकू नका. ही सगळी कामं इजा व्हायच्या आधीची आहेत. जयणा म्हणजे नंतरचं रडणं नव्हे. आणि गोटमारीत आपण काय करतो? रुग्णवाहिका उभ्या करतो, डॉक्टर बसवतो, टाके घालायची तयारी करतो. ते हवंच. पण ही सगळी तयारी डोकं फुटल्यानंतरची आहे.

श्रावकाची बारा व्रतं आहेत, त्यांतलं आठवं अनर्थदंड विरमण. गृहस्थाला काही हिंसा टाळता येत नाही. स्वयंपाक आहे, शेती आहे, दुकान आहे. पण ज्यात काही अर्थच नाही, ज्यानं कोणाचं पोट भरत नाही, कोणाचं रक्षण होत नाही, ती हिंसा तरी करू नका, एवढंच ते व्रत मागतं. त्यात दुसऱ्याला हिंसेची साधनं पुरवणं येतं. आणि त्यात प्रमादाचरणही येतं. हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात प्राण्यांच्या झुंजी लावण्याला त्यातच मोजलं आहे. कोंबड्यांची झुंज लावायची नाही आणि पोरांची बघायची, हे आपण कुठल्या हिशोबात बसवलं?

आता अनुमोदना. करणं, करवणं, अनुमोदणं, अशा तीन वाटांनी कर्म येतं हे आपण जाणतो. खरं सांगायचं तर श्रावकाच्या व्रतात बहुधा पहिल्या दोन वाटाच बंद केलेल्या असतात, तिसरी मोकळी. गृहस्थाला संसारात राहून अनुमोदना टाळणं शक्य नाही, म्हणून ही सूट आहे. मी बराच काळ या सुटीच्या आड लपले. पण सूट म्हणजे परवानगी नव्हे. आणि दुसरी बाजू बघा. त्याच पर्युषणात कोणी अठाई केली की आपण सगळ्या जाऊन म्हणतो, "अनुमोदना, अनुमोदना!" वरघोडा काढतो, साता विचारतो. का? कारण दुसऱ्याच्या तपाचं कौतुक केलं की आपल्यालाही पुण्य लागतं, असं आपण मानतो. बरं, मग टाळीचा हा नियम उपाश्रयात लागू आणि गच्चीवर लागू नाही, असं कसं होईल?

शिवाय त्या टाळीला फळ येतं. सोळा वर्षांच्या मुलाला नदीत कोण ढकलतं? देवी नाही. परंपरेला तर आवाजच नसतो. त्याला ढकलतात गच्च्या. दोन्ही काठांवरच्या गच्च्या, त्यांवरच्या बायका, पोरी, मावश्या. त्याला माहीत असतं की आज आपल्याला सगळं गाव बघतंय. कोणीच बघत नसतं तर पट्टी बांधून दुसऱ्यांदा तो उतरला असता का? मला नाही वाटत.

यावर लोक काय म्हणतील ते मी ऐकलेलं आहे. "तुम्ही जैन लोक, तुम्हाला काय समजणार? आमची श्रद्धा आहे." हे बोलणं मी उडवून लावत नाही. आपल्या अनेकांतानं शिकवलंय की समोरच्याच्या जागी उभं राहून एकदा बघावं. मी त्या मुलाच्या जागी उभी राहून बघते. वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस तो दुसऱ्याच्या दुकानात पोतं उचलतो, दुसऱ्याच्या बागेत संत्र्याच्या पेट्या भरतो. कोणी त्याला नावानं हाक मारत नाही. एक दिवस असा येतो की तो खिलाडी असतो, कपाळावर गुलाल असतो. तो दिवस मी त्याच्याकडून काढून घ्यायला निघाले तर बदल्यात काय देणार? हा प्रश्न खरा आहे, आणि याचं उत्तर अहिंसेचा उपदेश हे नाही. त्याच्या मजुरीचा, त्याच्या मानाचा हिशोब आपल्या दुकानांच्या वहीत आहे, हेही कबूल केलं पाहिजे.

आणि नुसत्या हुकमानंही काही होत नाही. १९७८ आणि १९८७ साली ही दगडफेक आवरताना पोलिसांचा गोळीबार झाला, आणि त्यात माणसं गेली. म्हणजे डोकी वाचवायला जाऊन जीव घेतले गेले. प्रशासनानं एका वर्षी दगडांच्या जागी रबराचे चेंडू देऊन पाहिले. लोकांनी चेंडू टाकले आणि गोटे उचलले. जमावबंदी होते, गोफणीवर बंदी येते, कॅमेरे लागतात. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर मिळून छिंदवाड्यापासून वेगळा जिल्हा झाला, कलेक्टर आता गावातच बसतात. तरी गोटमार चालू आहे. जी गोष्ट गावाच्या मनात आहे ती गावाच्या मनातूनच बदलावी लागते.

पण बदलत नाही असं नाही. दहीहंडीचं बघा. महाराष्ट्रात थरांवर थर चढत गेले, वरच्या थराला हलकं म्हणून लहान मूल, आणि दरवर्षी कोणीतरी पाठीवर, डोक्यावर पडायचं. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयानं अठरा वर्षांखालच्यांना बंदी आणि वीस फुटांची मर्यादा घातली. पुढं सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेला, खूप ओढाताण झाली. २०१७ साली उंचीची मर्यादा सुटली, पण चौदा वर्षांखालची मुलं थरात नकोत, हे सरकारनं मान्य केलं. उत्सव थांबला का? नाही. कृष्णाचं काही कमी झालं का? नाही. फक्त लहान मूल वरून खाली आलं.

फुटबॉलचंही तसंच. साऱ्या जगाचा खेळ, आणि डोक्यानं चेंडू मारणं ही त्यातली शान. पण २०१९ साली ग्लासगोच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या जुन्या व्यावसायिक खेळाडूंच्या मृत्यूंचा अभ्यास केला. स्मृतिभ्रंशासारख्या मेंदू झिजण्याच्या आजारांनी मरण्याचं प्रमाण त्यांच्यात इतरांपेक्षा जवळजवळ साडेतीन पट निघालं. लगेच २०२० मध्ये इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडच्या फुटबॉल संघटनांनी प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांना सरावात डोक्यानं चेंडू मारायला शिकवू नये, असं ठरवलं. अमेरिकेत तर २०१५ मध्येच दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना ते बंद झालं. तिथंही म्हातारे म्हणाले असतील, "आम्ही नाही का खेळलो?" पण खेळ मोडला नाही. मुलाचं डोकं वाढत असतं, त्याची मान अजून नाजूक असते, एवढं मानून नियम बदलला. हवेनं भरलेल्या चेंडूपासून मुलांना दूर ठेवणारी माणसं आहेत, आणि आपण नदीतल्या गोट्यांबद्दल अजून चर्चा करतोय.

मग आपण काय करावं? गोटमार बंद करा असं मी म्हणत नाही. मी म्हटल्यानं होणारही नाही. आपल्या हातात आहे तेवढंच सांगते. अठरा वर्षांखालचा एकही मुलगा पात्रात उतरणार नाही, हे दोन्ही काठांच्या आयांनी ठरवावं. आई ठरवते तेव्हा पोर घरात राहतं, पोलिसांच्या सांगण्यानं नाही राहत. ज्यांच्या घरी ट्रॅक्टर-ट्रॉली आहे त्यांनी ती गोटे वाहायला देऊ नये. साधनं पुरवणं म्हणजे काय, ते वर सांगितलंच. दुकानदारांनी आपल्या कामावरच्या मुलाला त्या दिवशी सुटी द्यावी, पण त्याच्या घरी जाऊन सांगावं की डोक्याला काही लागलं तर आम्हाला लगेच कळव, गाडी आमची. उपाश्रयाच्या आणि मंदिराच्या भिंतीवर, शाळेत, दवाखान्यात त्या उलटी-गुंगीच्या खुणा मोठ्या अक्षरांत लिहाव्यात. आणि ज्या वर्षी झेंडा तुटत नाही त्या वर्षी संध्याकाळी दोन्हीकडचे मोठे जसे बसून ठरवतात, तसं त्यांनी एखाद्या वर्षी सकाळीच बसून बघावं. पळस रोवा, पूजा करा, दोन्ही गावांनी मिळून झेंडा देवीला न्या. संध्याकाळी जे मान्य होतं ते सकाळी मान्य केलं तर देवी रागावेल असं मला वाटत नाही. मधले जे आठ-दहा तास वाचतील, त्यांतच तर सगळी डोकी फुटतात.

आणि गच्ची. गेली काही वर्षं मी त्या दिवशी गच्चीला कुलूप लावते. पहिल्या वर्षी शेजारणी रागावल्या, कारण आमच्या गच्चीवरून सगळ्यांत चांगलं दिसतं. एक म्हणाली, "तुझ्या न बघण्यानं काय थांबणार आहे?" बरोबर आहे तिचं. काही थांबलं नाही. पण त्या दिवसापासून एक गच्ची रिकामी आहे, आणि नदीत उतरणाऱ्या मुलाला ती रिकामी दिसते. दुसऱ्या वर्षी त्या शेजारणीनंच विचारलं, "चावी तुझ्याकडेच ठेव बाई, माझी नात मागते बघायला."

सौंसरकडे जाताना जाम नदीच्या काठावर जामसावळीचा निजलेला हनुमान आहे. ज्यांचं चित्त ठिकाणावर नाही अशांना घेऊन त्यांची माणसं तिथं येतात, दिवसेंदिवस राहतात. माहेरी जाताना मी तिथं एकदा त्या मुलाला पाहिलं. आई त्याचा हात धरून बसली होती. नदी तीच. वर पांढुर्ण्यात तिच्यातले गोटे उचलले जातात आणि खाली तिच्याच काठावर एक आई देवाकडे मुलाचं डोकं परत मागत बसते. मी गाडी थांबवली, उतरले, तिच्याजवळ जाऊन बसले. ती म्हणाली, "बाई, तुम्ही तेव्हा दूध दिलं होतं, त्याला अजून आठवतं." मला काही बोलता आलं नाही.

संवत्सरीला आपण चौऱ्यांशी लाख जीवयोनींना खमावतो. मोठा शब्द आहे, तोंडात बसलेला आहे, पटकन म्हणून होतो. त्या वर्षी प्रतिक्रमण झाल्यावर मी त्या मुलाच्या घरी गेले आणि त्याच्यासमोर हात जोडून 'मिच्छामि दुक्कडं' म्हटलं. त्याला अर्थ कळला नाही. त्यानंही हात जोडले आणि विचारलं, "काकू, दुकान बंद करायचं का?"

यंदाही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी चावी कमरेला लावूनच उपाश्रयात जाणार आहे.